फळीपाशी थांबलेले तांडेल

तांडेल खुर्चीला घाबरायचे. आधी ती हलवून बघायचे, मग तिला दम भरायचे, "पाडलंस तर बघ हां!" आणि कमरेवर हात ठेवून सावकाश टेकायचे. सारा जन्म बोटीचं सुकाणू धरलेला हा माणूस! पहिल्या दिवशी मला हसू फुटलं, पण हसताना कळ येईल या धास्तीने मी ते गिळलं.

रत्नागिरीतल्या एका दवाखान्याच्या माडीवर दर गुरुवारी आम्ही जुनाट दुखण्याची माणसं गोल करून बसायचो. समुपदेशक मॅडम म्हणायच्या, "दुखतंय म्हणजे आत काही बिघडतंयच असं नसतं. भीतीपोटी काय करायचं सोडलंत, ते सांगा." मी म्हटलं, मुलीला उचलणं. बाळंतपणानंतर कमर धरली ती धरलीच. पोरगी चार वर्षांची झाली, तरी वाकले तर कायमची अंथरुणाला खिळेन, असं मला खरंच वाटे.

तांडेल म्हणाले, "मी फळीवर पाय ठेवत नाय." धक्क्यावरून बोटीत जायची फळी. तिच्यावरच त्यांच्या पाठीत पहिली चमक भरली होती. तेव्हापासून बोट मुलगा न्यायचा आणि हे धक्क्यावर उभे राहायचे.

बाकीचे तब्येत विचारत. तांडेल विचारत, "काय गो, आज कशाचं भ्या वाटलं?" आणि आधी स्वतःचं सांगून टाकत, "मला मोरीत बसायचं भ्या वाटलं." अशा माणसापुढे खोटं काय बोलणार? नवऱ्यालाही न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. पोरगी हात पसरून धावत आली की मी दार लोटून घेते. तांडेलांचे डोळे भरले.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "आज फळीवर चढतंय. तू ये गो, धीर व्हत नाय." मी मुलीला घेऊन बंदरावर गेले. फळीवर ते इंचाइंचाने पाय सरकवत होते. मुलाने हात पुढे केला, तसे ओरडले, "धरू नको! नुसता उभा ऱ्हा!" मधोमध ते थांबले. मग ते पलीकडे गेले आणि जाळ्यांवर बसून ढसाढसा रडले.

बोट सुटली. मुलीला गर्दीतून काही दिसेना. मी वाकले. कमरेत चमक आली, चांगलीच आली, तरी तिला उचललं. तिने गळ्यात हात टाकले नाहीत. अंग ताठ करून कानात म्हणाली, "आई, मला ठेव खाली. तू मोडशील."

मी तिला खाली ठेवलं नाही.