तात्यांनी मोजलेली नदी

आमच्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन तात्या सिंदफणा नदी टेपनं मोजत नसत, हाळीनं मोजत. अलीकडच्या काठावर उभं राहून ते "होऽऽ" करत. ती हाळी जिथं विरेल तिथं मी, म्हणजे संस्थेच्या सचिवानं, हात वर करायचा. हाळी विरायचीच नाही, एवढीच अडचण. तात्यांनी नदीत ओरडावं आणि केजच्या स्टँडवर कुणी प्रवासी राहिला म्हणून ड्रायव्हरनं एसटी थांबवावी, असा तो गळा. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. बहिरा झालाय, पण सांगेल.

दुष्काळात नदीत एक डोह तेवढा उरला, आणि त्याच्याभोवती बेशरमाचं रान. माणसं वाळली, विहिरी वाळल्या, हे झाड मात्र जांभळी फुलं माळून पाण्यावर पहारा देत उभं! मेंढरंवाली गयाबाई थेट संस्थेच्या दारात आली.

"तात्या, पानी हाय, पर वाट न्हाई. वाट करता, का जाऊ मेंढरं घिऊन गोदेच्या गंगथडीला?"

"तुमी कावून जाता? मी हाय न्हवं!" तात्यांनी टेबलावर मूठ हाणली. "वाट बंद राह्यली तर चेअरमनकी सोडतो!"

गावाला दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

हाळ्या देत तात्यांनी वाट आखली, दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या. गावातलं लाकूड चुलीत गेलेलं, म्हणून खुंट्या बेशरमाच्याच. त्यांना चुना फासला, आणि हलू नयेत म्हणून बुडाशी रोज डोहाचं पाणी ओतायला लावलं. मधलं रान सगळ्यांनी मिळून तोडलं, मेंढरं पाण्याला लागली, तात्यांना हार पडला. हार सुकायच्या आत खुंट्यांना पालवी फुटली. बेशरमाची कांडी ओलीत खोचली की जगते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आठवलं कुणालाच नाही.

पाहणीला आलेले साहेब ती पांढऱ्या बुडख्यांची रांग बघून म्हणाले, "वृक्षारोपण छान झालंय."

"आपल्या आशीर्वादानं," तात्या म्हणाले.

साहेबांची जीप वळताच मी कुजबुजलो, "तात्या, उपटू या की."

"आखणी उपटतेत का बे? मंग वाट कुठं हाय ते कळंल कसं?"

बघता बघता दोन्ही रांगा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वाट बंद. गयाबाई आली ती कोयता घेऊनच. "चेअरमन, मेंढरं तानली हायत." राजीनामा सोपा होता. तात्यांनी कोयता घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी तात्या पुढं छाटत, ओरडत; मागं मेंढरं. त्यांच्या हाळीशिवाय ती जागची हलेनात. तात्या गेले त्या दिवशी तर पाण्यावरच जाईनात. अख्ख्या संचालक मंडळानं एका दमात ओरडून बघितलं, तेव्हा कुठं एक कोकरू उठलं, आमच्याकडं बघून परत बसलं. गयाबाई पदर तोंडाला लावून रडता रडता हसली.

आता आमच्याकडं चेअरमनकीसाठी भांडणं होत नाहीत. खुर्चीबरोबर कोयता येतो. सभेला जो गैरहजर, तो बिनविरोध.