मागचा परवा की पुढचा?

"म्हणजे हे गेज अजून तपासलेलंच नाही?" स्क्रीनवरच्या ऑडिटर बाईंनी इंग्रजीत विचारलं.

मी वाळूजच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटी बघते. आम्ही ब्रेकचे पार्ट बनवतो. पूर्वी परदेशी कस्टमर ऑडिटला स्वतः यायचा. त्याला वेरूळ दाखवायचं, नान-खलिया खाऊ घालायचा, मग माणूस जरा मवाळ होऊन शॉप, म्हणजे कारखाना, बघायचा. आता बाई जर्मनीत घरी बसतात आणि आम्ही मोबाइल धरून मशीनमागून मशीन हिंडतो. आमचं मराठी बोलणंसुद्धा त्यांच्या स्क्रीनवर खाली आपोआप इंग्रजीत उमटतं. त्या दिवशी अ‍ॅप्रूव्हल मिळालं नसतं तर नवी लाइन बंद आणि लाइनवरची कंत्राटी माणसं घरी. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घोळ असा झाला. पार्टमधल्या भोकाचा व्यास ज्यानं मोजतो, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं, असं बाईंनी विचारलं. कॅलिब्रेशन म्हणजे मापयंत्राचीच तपासणी. मी लाइनचे सुपरवायझर कडूबा भाऊंकडे वळून घाईत म्हटलं, "भाऊ, कॅलिब्रेशन कधी?"

"परवा," भाऊ म्हणाले.

भाऊंचा परवा होऊन गेलेला. भाषांतराच्या यंत्रानं लिहिला तो यायचा.

आमच्यात दोन्हींना एकच शब्द आहे, असं मी बाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग माल कधी पाठवायचा हे तुम्हाला कसं कळतं?"

"स्टिकर दाखवा," त्याच पुढे म्हणाल्या.

गेजवर स्टिकर होतं. पण तेलकट फडक्यानं पुसून पुसून त्यावरची तारीख उडाली होती. गेज तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट मेलवर अजून यायचा होता. मागे उभे असलेले आमचे मालक माझ्या कानाशी आले. मी पटकन माइकवर बोट दाबलं.

"मॅडम, नेटवर्क गेलं म्हणा, बंद करा."

"साहेब, नेटवर्क परत येतंच की. मग काय म्हणू?"

एकच उपाय उरला होता. मास्टर रिंग. म्हणजे अचूक मापाचं कडं. गेज त्यात घातलं की काटा शून्यावर यायला हवा. मी तो उपाय सुचवला खरा, पण भीती वाटत होती. गेज तपासून आल्यावर कुणाच्या हातून पडलं असेल तर? गेज पडल्याचं कुणी सांगत नाही.

भाऊंनी रिंग पुसली. गेज आत घातलं. काटा थरथरत होता.

"हात टेकवा, भाऊ."

"टेकवलाय. कॅमेरा बघून धडधडतंय ओ मॅडम."

काटा शून्यावर थांबला. बाई म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही. मालक तिथंच एका क्रेटवर बसले.

अ‍ॅप्रूव्हल मिळालं, पण एका अटीवर: तारखा न पुसणाऱ्या पेननं लिहायच्या. दुसरी अट मी घातली. शॉपवर 'परवा' बंद. तारीख बोलायची.

कडूबा भाऊंना ते काही पटलं नाही. "आजवर समोरच्याला आपसूक कळत व्हतं की, मागचा परवा का पुढचा."

"व्हय भाऊ," मी म्हटलं, "पण आता समोर कुणी नसतं."