ऐकलं म्हणजे मानलं नव्हे

गेल्या महिन्यात रावेतहून फोन आला. गेनभाऊंची मुलगी होती. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. वय झालं होतं, आजार होता, सगळं ठाऊक होतं. तरी बराच वेळ रिसीव्हर हातातच राहिला. माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक या माणसानं निस्तरली होती आणि त्याचा उच्चार पुन्हा कधीही केला नव्हता. आता ती मीच सांगायला हवी.

गेनभाऊ मूळचे ताथवड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, शाळा चौथीपर्यंत. मी रत्नागिरीकडचा मॅट्रिक. एकोणीसशे पंचावन्न-छपन्नच्या सुमारास आम्ही पिंपरीच्या एका कारखान्यात एकाच आठवड्यात लागलो. ते प्रेसवर, मी ऑफिसात कारकून. तेव्हा कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्वारी उभी असायची. प्रेस म्हणजे पत्र्याचे तुकडे कापणारं अवजड यंत्र. त्याला हात आत जाऊ नये म्हणून जाळी नव्हती. एकाचं बोट गेलं, तेव्हा गेनभाऊंसह चार कामगार मुख्य इंजिनियरसाहेबांना भेटायला निघाले. साहेब स्कॉटलंडचे. दुभाषा म्हणून मला नेलं. मी शर्टाला इस्त्री करून गेलो होतो, इतका मला माझ्या इंग्रजीचा अभिमान!

साहेबांनी लिहिता लिहिता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आय हिअर यू." वर मान हलवली. मी बाहेर येऊन जाहीर करून टाकलं, "साहेबांनी मान्य केलं!" सगळे खूश झाले. गेनभाऊ तेवढे थांबले.

"भावसाहेब, साहेब 'व्हय' म्हणाले का?"

"तेच म्हणाले हो, त्यांच्या पद्धतीनं."

"त्यांचं पेन तर थांबलं न्हाई," गेनभाऊ म्हणाले. पण माझ्या शब्दावर कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग ऑफिसातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी हा किस्सा फुशारकीनं सांगितला. ते हसले. "अरे, स्कॉटिश माणूस असं म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं ऐकलं. पुढचं काही नाही." लगेच खाली जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. कोणत्या तोंडानं जाणार? सोमवारी बघू, असं म्हणत राहिलो... आणि शनिवारीच मारुती नावाच्या पोराचा हात यंत्रात गेला. शेजारच्या गेनभाऊंनी त्याला मानगुटीला धरून मागे ओढलं. शर्टाची बाही तेवढी कातरली गेली.

ती बाही पाहिली आणि मी गेनभाऊंना सगळं सांगून टाकलं. ते ओरडतील, चारचौघांत माझी लाज काढतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी तंबाखूची चिमूट मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बरं. आता मला असा शब्द शिकवा, की ज्यात दोघांचं एकमत झालं का न्हाई, ते समजंल."

मी त्यांना 'सी आय टू आय' शिकवलं. डोळ्याला डोळा लावून बघणं, म्हणजे दोघांना एकच दिसणं, एकच पटणं. गेनभाऊंनी ते चारदा म्हणून पाहिलं आणि तडक साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. मागे मी, घाम पुसत.

"साहेब, वुई नॉट सी आय टू आय. यू कम."

साहेबांना आधी हसू आलं, पण ते उठून आमच्याबरोबर प्रेसपाशी आले. गेनभाऊंनी प्रेसचा वीजपुरवठा बंद केला आणि कामगार बसायचा त्या बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं. सहा फुटी साहेब गुडघे मुडपून बसले. गेनभाऊंनी समोर पत्र्याचा तुकडा ठेवून तो उचलायची खूण केली. साहेबांनी हात पुढे केला, तसं गेनभाऊंनी बाजूचं मोठं चाक हातानं हळूहळू फिरवलं. वरचा लोखंडी ठोकळा इंचाइंचानं खाली येऊ लागला. साहेबांनी हात चटकन मागे घेतला.

"नाऊ?" गेनभाऊंनी विचारलं.

"नाऊ वुई डू," साहेब म्हणाले. मग उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अॅग्रीड." जाळी बसेपर्यंत प्रेस बंद राहिला. या वेळी मी प्रत्येक शब्दाचा अर्थ दोनदा विचारून मगच मराठीत सांगितला.

कामगारांनी गेनभाऊंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. ते म्हणाले, "मला कुठलं इंग्रजी येतंय? भावसाहेबांनी शिकवलं, म्हनून झालं." माझी चूक त्या दिवशी आणखी कुणालाच कळली नाही. पुढे गेनभाऊ फोरमन झाले, मीही ऑफिसात वर चढलो, शेकडो करारांचे मसुदे केले. पण एखाद्या कागदावर दोन अर्थ निघतील असं वाक्य दिसलं, की मला ती कातरलेली बाही दिसायची आणि मी ते वाक्य खोडायचो. माझं इंग्रजी चांगलं, असं लोक म्हणतात. ते खरं गेनभाऊंनी घडवलेलं आहे.

परवा गेनभाऊंच्या घरी, वहिनींना भेटायला रावेतला गेलो. निघताना सवयीनं म्हणालो, "काही लागलं तर सांगा, येईन कधीतरी."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "कधीतरी न्हाई, भावजी. कवा ते सांगा. ह्या घरात तसंच इचारायची रीत हाय."

"रविवारी. सकाळी दहाला."

"रविवारी, सकाळी दहाला," त्यांनी माझ्याकडे बघत पुन्हा म्हटलं, आणि मी तोंडानं 'हो' म्हटल्यावरच दार लोटलं.