संपातली मलमपट्टी
आमच्या म्युनिसिपल दवाखान्यात मलमपट्टी करणारे एक गृहस्थ होते, खारदांड्याच्या कोळीवाड्यातले. आईच्या पायाच्या जखमेला चिकटलेली पट्टी ओढताना ते तिला हमखास विचारायचे, "मावशी, आज कालवण कसलं?" ती बोंबलाचं सांगेपर्यंत पट्टी निघालेली असे.

मग म्युनिसिपल कामगारांचा संप झाला. दवाखाना बंद झाला आणि आईची ती मधुमेहाची जखम चिघळू लागली. ते दवाखान्याच्या फाटकाशी संपकऱ्यांत बसले होते; मी त्यांना गाठून आईची पट्टी कराल का, विचारलं.

"संप आमचा आहे गं. मी आत नाही जाणार," ते खाली बघत म्हणाले.

संध्याकाळी मात्र ते घरी आले. जखमेला त्यांनी हात लावला नाही. "तू कर, मी सांगतो." मी पट्टी ओढली तशी आई कळवळली. ते रोज येऊन शिकवत राहिले.

संप मिटल्यावर त्यांनी जखम निरखली. "मावशी, पोरीचा हात माझ्याहून हलका आहे."

ते खरं नव्हतं. पण आईने मान डोलावली.