एक छोटीशी चेष्टा

इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा फोन आला. पुतण्याचा होता. "काकू, आई गेली..." एवढंच बोलला, आणि मी होते त्याच पायरीवर बसले. हातात प्रसादाची पुडी, मागून येणारी माणसं मला वळसा घालून खाली जात होती. खरं तर मला तिथे पाठवलं होतं ते ताईंनीच, त्याच्या आईनं. आदल्या दिवशी अंथरुणातून म्हणाल्या, "जाऊन ये, सुनंदा. पण माझ्यासाठी काही मागू नको. तिच्याकडे आधीच किती गर्दी असते. फक्त नमस्ते सांग." मी नमस्कार सांगितला आणि वर थोडं मागूनही घेतलं. देवीनं थोरलीचं ऐकलं, धाकटीचं ऐकलं नाही. आमच्या घरातही कायम हेच चालायचं.

शालिनीताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचं, सासर बुऱ्हाणपूरचं, आणि दोन्हींमधलं अंतर रिक्षानं पाच मिनिटांचं. मी नाशिकची, मराठीत एम. ए. केलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "झोप बरोबर आली ना? की मच्छर तंग करून राहिले होते?" मी हसू दाबलं आणि चुकून म्हणून गेले, "डास म्हणायचंय का तुम्हाला?" झालं. त्या दिवसापासून माझं नाव 'शुद्धलेखन' पडलं. "शुद्धलेखन, चहा घेतेस का?" "शुद्धलेखनला विचारा, ती सांगेल भेंडी शुद्ध आहे का." मीही काही कमी नव्हते. त्यांच्या प्रत्येक वाक्यातली हिंदी मी तांदळातल्या खड्यासारखी वेचून बाजूला काढायची आणि त्या ती पुन्हा ओंजळीनं आत टाकायच्या. अशी आमची वर्षानुवर्षं मजेत गेली. सासूबाई म्हणायच्या, या दोघी भांडत नाहीत त्या दिवशी घरात कोणी आजारी आहे असं समजावं.

ताई मुलींच्या शाळेत लहान वर्गाला शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे फळ्यावर चित्रं काढायच्या आणि त्या चित्रांतून जे काय शिकता येईल ते मुली शिकायच्या. त्यांचा हात विलक्षण होता. चार रेघांत माणूस उभा करायच्या आणि तो माणूस हमखास कोणासारखा तरी दिसायचा. एकदा फळ्यावरची म्हैस हुबेहूब मुख्याध्यापिकाबाईंसारखी दिसली आणि बाई नेमक्या तेव्हाच वर्गात आल्या. ताईंनी शांतपणे म्हशीला चष्माही रेखाटला, म्हणजे उरलीसुरली शंकाही फिटली. बाई पोट धरून हसल्या म्हणून नोकरी राहिली.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या एका उन्हाळ्यात शाहपूरकडच्या गावांवर वादळ आलं. केळी आडवी झालीच, पण घरांचे पत्रेही उडाले. आमच्या महिला मंडळानं पिठलं-भाकरीची पाकिटं नेली, त्या गाडीत आम्ही दोघीही होतो. एका गावात यमुनाबाई भेटल्या. घराच्या तीन भिंती शिल्लक, वर आभाळ, आणि बाई आपल्या घराची कहाणी अशा रंगात सांगत होत्या की ऐकणाऱ्यांना भाकरीचा घास गिळवेना, इतकं हसू. त्यांचा पत्रा उडाला तेव्हा त्यावर कोंबडी बसलेली होती. पत्रा कोंबडीसकट निघाला, दोन वावरं ओलांडून तिसऱ्याच्या केळीत उतरला, आणि कोंबडी खाली उतरून जणू तिकिटाचे पैसे परत मागायला निघाल्यासारखी घरी चालत आली. परतीच्या वाटेवर ताई एका रिकाम्या पाकिटावर काहीतरी रेखाटत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "कॉमिक काढायचं. कोंबडीचं. विकून पत्रे घेऊ."

मंडळाच्या बायकांना उजाड घरांचे फोटो छापून पत्रक काढायचं होतं. ताईंनी साफ नकार दिला. "फोटो बघून लोक च्च च्च करतात आणि पान पलटवतात. हसले तर थांबतील, आणि थांबले तर पाकीट काढतील." पण दुसऱ्याच दिवशी त्या एकट्या बसनं त्या गावाला गेल्या आणि यमुनाबाईंना शब्द देऊन आल्या, की पुस्तक छापून झालं की पहिलं तुम्हाला दाखवणार, तुम्ही हो म्हणालात तर विकणार, नाही म्हणालात तर सगळं रद्दीत. मंडळात खळबळ उडाली. छपाई मंडळाच्या पैशानं व्हायची होती, आणि पावसाच्या आत गावावर पत्रे चढायला हवे होते. एका बाईच्या होकारावर सगळं टांगून ठेवायचं म्हणजे काय? ताई म्हणाल्या, "घर तिचं उडालं आहे. हसायची परमिशन तीच देणार ना?"

चित्रं त्यांची, फुग्यांतले संवाद माझे. कोंबडी पत्र्यावरून जाताना खाली बघत सगळ्या तालुक्यावर शेरे मारते, असं आम्ही रचलं. तेवढा सुखाचा उन्हाळा मला कधी गेला नाही. ताई एकाएकी अडायच्या आणि कोंबडीसारख्या मान तिरकी करून मला विचारायच्या, "आता ही काय म्हणेल?" शेवटी मात्र त्या कचरल्या. म्हणाल्या, "एका चौकटीत तरी डोळ्यांत पाणी पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल नुसता मजाक आहे." आणि त्यांनी पडक्या भिंतीशी बसून पदरानं डोळे पुसणारी यमुनाबाई काढली. सुंदर काढली होती.

मुखपृष्ठ ताईंनी अगदी शेवटी, परस्पर छापखान्यात बसून केलं. गठ्ठे घरी आले तेव्हा मी पहिलं पुस्तक उचललं. उडत्या कोंबडीखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं... 'वादळग्रस्तांसाठी महिला मंडळाची एक छोटीशी चेष्टा'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. बुऱ्हाणपूरच्या माणसाला ते वाक्य वाचून काहीच खटकणार नाही. पण मराठीत? घर गमावलेल्यांसाठी आमच्याकडून एक छोटीशी टिंगल!

"ताई, अहो हे काय लिहिलंत?"

"काय? चेष्टा. कोशिश. चुकलं का?"

मी अर्थ सांगितला. ताईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. मी त्यांना एवढं घाबरलेलं त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मी 'प्रयत्न' हा शब्द लिहून चिकटवायला पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापू लागले. ताई म्हणाल्या, "काप. पण चिकटवू नको. दाखवायचं आहे ते असंच दाखवू. झाकून नेलं तर तो धोका होईल, तिला फसवल्यासारखं." मग आम्ही गठ्ठे आणि कोऱ्या चिठ्ठ्या गाडीत टाकल्या आणि गेलो. मंडळाच्या अध्यक्षबाई रस्ताभर एकदा गठ्ठ्यांकडे, एकदा ताईंकडे बघत होत्या. त्यांची मुद्राच पुरेशी होती.

यमुनाबाईंना वाचता येत नव्हतं. सून वाचू लागली, बाई चित्रांवरून बोट फिरवू लागल्या. अंगणात बायका गोळा झाल्या. कोंबडीपाशी सगळ्या हसल्या, यमुनाबाई नाही हसल्या. ताईंनी स्वतःच मुखपृष्ठ पुढे केलं आणि आपली चूक समजावून सांगितली. यमुनाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मंग? तुमी माही चेष्टाच केली ना बाई? खोटं काय लिवलं त्यात? ऱ्हाऊ द्या." मग त्यांनी ते पान उघडलं, पदराचं. "पन हे काय हाय? मी कव्हा रडली वो? पत्रा गेला, भिंत गेली, तव्हाबी नाही रडली. समद्या गावाले इचारा. हे नाही चालनार."

पुस्तकं छापून तयार, प्रत्येकात ती रडणारी यमुनाबाई. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. आणि ताई चक्क हसत होत्या. "सुनंदा, त्या चिठ्ठ्या दे."

तिथेच बाजेवर बसून त्यांनी चिठ्ठीवर नवा चेहरा काढला, बरोबर त्या चौकटीएवढा. यमुनाबाईंनी पाहिला, म्हणाल्या, "आता कसं!" आणि उठून चुलीवर कणकेची खळ शिजवायला ठेवली. गावातल्या बायका चिकटवायला बसल्या. आता तेच तोंड इतक्यांदा काढायचं म्हटल्यावर ताईंना पाचव्याच चिठ्ठीला कंटाळा आला. मग एका पुस्तकात यमुनाबाई जांभई देऊ लागल्या, एकात डोळा मारू लागल्या, एकात गाल फुगवून वादळालाच फुंकर घालू लागल्या. शेजारी बसून यमुनाबाई एकेक तपासत होत्या. "हिचं नाक लय मोठं झालं." "हे चालन." "ही त माही ननंद हाय!" बोटं दुखली म्हणून आम्ही परत आलो आणि उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

पुस्तक खपलं ते त्या चेहऱ्यांमुळे. कापडबाजारात, कचेऱ्यांत लोक एकमेकांना विचारू लागले, "तुमच्यात कोणती यमुनाबाई निघाली?" आपली जांभईवाली निघाली म्हणून डोळा मारणारीच्या आशेनं दुसरी प्रत घेणारेही होते. पावसाच्या आत गावात पत्र्यांचा ट्रक गेला. यमुनाबाईंनी आपल्या पत्र्यावर आधी कोंबडी बसवून पाहिली म्हणतात. पुढे कुठे पूर आला, कुठे आग लागली, की ताई आणि मी पुन्हा बसायचो, आणि मंडळात कोणी 'उपक्रम' म्हणत नसे. सगळ्या विचारायच्या, यंदाची चेष्टा कधी? मीही तसंच म्हणू लागले. ताईंना याचा झालेला आनंद मी इथे वर्णन करत नाही.

दिवसकार्याला यमुनाबाई सुनेबरोबर बसनं आल्या. ताईंच्या फोटोसमोर बसल्या. कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला तो फोटो, कडक, ओठ मिटलेला. यमुनाबाईंनी तो नीट न्याहाळला. मग पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, ते पान उघडलं, थुंकीनं बोट ओलं केलं आणि चिठ्ठीच्या कडेवर फिरवत राहिल्या. जुनी खळ हळूहळू सुटली. खालची, पदरानं डोळे पुसणारी यमुनाबाई इतक्या वर्षांत उजेडच न लागल्यामुळे अगदी कोरी करकरीत राहिली होती.

"तव्हा नव्हती रडली," त्या म्हणाल्या. "आता ऱ्हाऊ द्या अशीच."

सुटलेली चिठ्ठी अजून त्यांच्या बोटालाच चिकटलेली होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. "बाई लय रागावल्या दिसून राह्यल्या ह्याच्यात," म्हणाल्या, आणि ती ओली चिठ्ठी फोटोच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्यानं दाबून लावली. गाल फुगवून फुंकर घालणारी यमुनाबाई. रोज सकाळी फोटो मीच पुसते, तेवढा कोपरा सोडून.