वस्तादांचा फर्मा

नाशिकच्या गंगापूर रोडवर बंगल्यांना जे जाडजूड गोल खांब दिसतात, त्यातले निम्मे मी उभे केलेत. म्हणजे उभे माझ्या गवंडी वस्तादांनी केले. मी खाली माल कालवून बादल्या वर देत होतो.

नव्वद सालानंतर द्राक्षाचा पैसा आला आणि ज्याला त्याला दारात ग्रीक-रोमन खांब हवेसे झाले. इंजिनिअर साहेब फोटो दाखवून सांगायचे, हा साधा तो डोरिक, वर गुंडाळी असलेला आयोनिक, पानांचा कोरिंथियन. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. मी त्यांना पैलवान, जिलेबी आणि कोबी म्हणायचो. शेठ लोकांचा जीव कोबीवर, वस्तादांचा पैलवानावर.

वस्ताद येवल्याचे, विणकराच्या घरातले, पण दोऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ओळंबा दोनदा सोडायचे. "दोरी वाऱ्याला फितूर असते," म्हणायचे. सिमेंटची गोणी फोडली की आधी चिमूट चोळून बघायचे. चहा आला की पहिला घोट मला घ्यायला लावायचे. मला वाटायचं, मान देतायत. वर्षभराने कळलं, त्यांचा चहावाल्यावर संशय होता.

सगळ्यात जास्त संशय माझ्यावर. ओल्या गिलाव्यावरून फिरवून खांबाला आकार द्यायची लाकडी फळी, म्हणजे फर्मा, ते धोतरात गुंडाळून ठेवायचे आणि दुपारी तिच्यावर हात टाकूनच झोपायचे. त्या फळीत असं काय दडवलंय, हा संशय मला. ती हातात आल्याशिवाय मी जन्मभर बादलीवालाच राहणार होतो.

एकदा वस्ताद फर्मा काखेत मारून दुपारच्या एसटीने येवल्याला लग्नाला गेले. सकाळचे दोन पैलवान अजून ओले होते. मी सरळ पट्टी लावून पाहिली, तर दोघांनाही मधे पोट! मला गुदगुल्या झाल्या. वस्तादांची चूक सापडली! संध्याकाळपर्यंत दोन्ही पोटं खरवडून मी खांब सुतात आणले.

दुसऱ्या दिवशी परत आल्या आल्या वस्तादांनी मला हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

"काय दिसतंय?"

"एकदम सरळ हायेत, वस्ताद."

"नीट बघ. कमरेत बसल्यागत नाय वाटत?"

वाटत होतं. दोन्ही पैलवान महिनाभर उपाशी ठेवल्यासारखे दिसत होते.

"सरळ खांब लांबून मधे बारीक दिसतो. डोळा लय लबाड हाय. म्हणून जरा पोट द्यायचं. माझा डोळा बी लबाडच, म्हणून फर्मा. पोटाचा बाक त्याच्या कडेलाच कोरलाय."

दोन्ही खांबांचा गिलावा पाडून त्यांनी तो पुन्हा केला. शेठने विचारलं तर म्हणाले, "माल खराब निघाला." माझं नाव घेतलं नाही. माल म्हणजे मीच, हे फक्त आम्हा दोघांना माहीत.

पुढे दहा-बारा वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले. नाशिक रोडच्या खोलीवर मला बोलावलं आणि धोतरासकट फर्मा माझ्या मांडीवर ठेवला. मला भरून आलं.

"वस्ताद, बसला म्हणायचा शेवटी माझ्यावर विश्वास!"

"विश्वास असता तर फर्मा कशाला दिला असता, गाढवा?"