शेवंतीची जुडी
अमरावतीच्या फूलबाजारात शेवंतीचा कडसर वास आला की मला लेकीचं परदेशातलं ते डोंगरातलं गाव आठवतं, जिथल्या निम्म्या लोकांचे आजे खाणीत दगड फोडायला इटलीहून आले होते. लेकीचे म्हातारे घरमालक त्यांच्यातलेच, आणि आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांना बघायला निघालो तर बायको म्हणाली, "अहो, खाली हातानं काहून जाता? शेवंती घ्या. देवाले चालते ते माणसाले चालनच!" मी पिवळ्याधमक शेवंतीची जुडी घेतली आणि ऐटीत थेट त्यांच्या छातीवर ठेवली. त्यांची बायको जागच्या जागी थिजली. म्हातारे खोकत काहीतरी बोलले, आणि न समजताच मी मोठ्यानं हसलो. पाहुण्यानं हसायचं असतं. लेक खालमानेनं म्हणाली, "बाबा, यांच्यात हे फूल फक्त मयतीले नेतात. ते म्हणाले, तुमी जरा लवकर आले." चौथ्या दिवशी ते गेले. मी पुन्हा तशीच जुडी घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोनं माझा हात बराच वेळ सोडला नाही. आता लक्ष्मीपूजनाला बायको शेवंती सांगते, मी झेंडू आणतो, आणि ती त्याचाच हार ओवते.